पिल्लाचे कान आणि जातीचे मानक

कान घडवणे म्हणजे काय

कुत्र्यांच्या काही जातींत कानाची ठेवण ही जातीच्या ओळखीचा भाग म्हणून लिहून ठेवलेली असते. पिल्लू काही आठवड्यांचे किंवा काही महिन्यांचे असताना चिकटपट्टी, गोंद, आधार वा शस्त्रक्रिया यांच्या साहाय्याने त्याच्या कानाला ती ठेवण देणे म्हणजे कान घडवणे. या नावाखाली दोन मूलतः भिन्न क्रिया येतात. पहिल्या प्रकारात कान अखंड राहतो, फक्त त्याचे वळण बदलते. दुसऱ्या प्रकारात कानाचा काही भाग कायमचा कापून टाकला जातो. दोन्हींचा उगम मानकातच असला, तरी पिल्लाला होणारा त्रास, कायदा आणि नैतिकता या तिन्ही बाबतींत त्यांच्यात फार मोठे अंतर आहे.

कानाची रचना

कुत्र्याचा बाहेरून दिसणारा कान म्हणजे कर्णपाळी. तिच्या आत लवचीक कूर्चेचा पातळ थर असतो. खाली तोच थर गुंडाळला जाऊन कर्णनलिकेची भिंत बनतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण भोवतालच्या आवरणातून झिरपत येते. म्हणूनच कानावर सतत दाब राहिला तर इजा लवकर होते आणि ती भरून यायला वेळ लागतो.

कान उभा राहणे तीन गोष्टींवर अवलंबून असते : कूर्चेचा ताठपणा, कर्णपाळीची लांबी व वजन, आणि कानाच्या तळाशी जोडलेल्या स्नायूंची ओढ. हे स्नायू डझनापेक्षा अधिक असतात. त्यांच्यामुळेच कुत्रा कान आवाजाच्या दिशेने वळवू शकतो, भीतीने मागे दाबू शकतो, कुतूहलाने पुढे आणू शकतो. पिल्लू जन्मते तेव्हा त्याची कर्णनलिका बंद असते. ती साधारण दोन आठवड्यांनी उघडते. त्या वयात बहुतेक सगळ्या जातींच्या पिल्लांचे कान पडलेलेच असतात. पुढे कूर्चा घट्ट होत जाते आणि ज्या जातींत कान उभे राहायचे, त्यांत ते तळापासून वर उचलले जाऊ लागतात.

लोंबते कान कुठून आले

लांडग्याचे कान उभे असतात. लोंबते कान हे माणसाळलेल्या प्राण्यांचे लक्षण असल्याचे चार्ल्स डार्विननेही नोंदवले होते. १९५९ मध्ये सोव्हिएत संघात दिमित्री बेल्यायेव यांनी चंदेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. त्यात निवड फक्त शांत स्वभावाची होत होती, तरीही पुढच्या पिढ्यांतील काही कोल्ह्यांचे कान लोंबते राहिले. याचे एक स्पष्टीकरण २०१४ मध्ये मांडले गेले. भ्रूणाच्या पाठीच्या रेषेवरून शरीरभर पसरणाऱ्या ठरावीक पेशींपासून रंगपेशी, भीतीच्या प्रतिक्रियेशी संबंधित ग्रंथीचा भाग आणि चेहरा व कानातील काही ऊती तयार होतात. स्वभावाची निवड करताना या पेशींवर परिणाम झाला, तर कानही बदलतो. हे अजून गृहीतकच आहे. कुत्र्यांपुरते अधिक ठोस माहीत आहे ते असे : उभा कान आणि लोंबता कान यांतील फरकाशी १० व्या गुणसूत्रावरचा एक भाग निगडित आहे, आणि तेथील एमएसआरबी३ हे जनुक त्यासाठी प्रमुख संशयित मानले जाते.

महाराष्ट्रात दोन्ही टोके सहज दिसतात. रस्त्यावरच्या देशी कुत्र्याचे कान कोणाच्याही मदतीशिवाय ताठ उभे राहतात. मराठवाड्यात आणि कर्नाटकाच्या सीमेवर शिकारीसाठी पाळल्या गेलेल्या कारवान हाउंडचे कान डोक्यालगत लोंबतात. शिकारीच्या आणि राखणीच्या कामाने घडलेल्या या कुत्र्यांच्या कानांना कोणी पट्टी लावली नाही.

मानकाची भाषा

ब्रिटनचा केनेल क्लब १८७३ मध्ये स्थापन झाला, अमेरिकन केनेल क्लब १८८४ मध्ये आणि एफसीआय ही आंतरराष्ट्रीय संघटना १९११ मध्ये. त्यांच्याकडे प्रत्येक जातीचे लिखित वर्णन असते. श्वानप्रदर्शनात परीक्षक त्याच्याशी ताडून कुत्रा पाहतो. कानाबद्दलची वाक्ये बहुधा एक-दोनच, पण नेमकी असतात. शेटलंड शीपडॉग, म्हणजे शेल्टी, या जातीत अमेरिकन मानकाला कान तीन-चतुर्थांश उभा आणि टोक पुढे झुकलेले हवे असते. रफ कोलीबद्दल ब्रिटिश मानक दोन-तृतीयांश उभा आणि वरचा एक-तृतीयांश नैसर्गिकपणे पुढे झुकलेला कान मागते. पूर्ण ताठ कान या दोन्ही जातींत दोष ठरतो, कारण चेहऱ्यावरचा मवाळ, सावध भाव त्यामुळे हरवतो असे मानले जाते. उलट जर्मन शेफर्डमध्ये पूर्ण उभा कानच हवा असतो आणि लोंबता कान कुत्र्याला स्पर्धेतून बाद करतो.

शेल्टी आणि कोली : टोक झुकवणे

अर्धा उभा, अर्धा झुकलेला कान ही मुळात अस्थिर अवस्था आहे. कूर्चा थोडी जास्त ताठ झाली की कान सरळ वर जातो. थोडी मऊ राहिली की तळापासूनच बाजूला पडतो. नेमक्या उंचीवर दुमड पडण्यासाठी जाडी, लांबी आणि वजन यांचा मेळ बसावा लागतो, आणि तो एकाच वेताच्या सगळ्या पिल्लांत बसत नाही. म्हणून या जातींचे पैदासकार पिल्लू दोन-तीन महिन्यांचे झाले की कानांकडे लक्ष ठेवू लागतात आणि दात बदलण्याचा काळ संपेपर्यंत, म्हणजे सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत, ते लक्ष ढळू देत नाहीत.

रूढ पद्धत दोन भागांची आहे. आधी कानाची आतली बाजू मळ आणि तेलकटपणा काढून कोरडी केली जाते आणि लागल्यास तेथील केस कातरले जातात. मग टोक इच्छित रेषेवर आत दुमडून त्वचेवर चालणाऱ्या गोंदाच्या थेंबाने चिकटवले जाते आणि गोंद धरेपर्यंत बोटांत दाबून ठेवले जाते. एवढ्याने फक्त टोक सांभाळले जाते. कानांचे तळ बाहेरच्या बाजूला पसरत असतील, तर दोन्ही कानांच्या आतल्या कडा डोक्यावरून जाणाऱ्या आखूड पट्टीने एकमेकींकडे ओढल्या जातात. ही पट्टी किती लांब ठेवायची, यात खरे कसब असते : फार आखूड झाली तर कान एकमेकांना चिकटल्यासारखे डोक्याच्या मध्यावर येतात, फार लांब राहिली तर तिचा उपयोगच होत नाही. काही जण दुमड न चिकटवता टोकाला हलके वजन लावतात. पट्टी सुटली की पुन्हा लावावी लागते, आणि ती सुटतेच. पिल्लू पंजाने ओरबाडते, भावंडे कानाला लागलेले काहीही चघळून काढतात.

वळण टिकण्याचे कारण वाढत्या कूर्चेत आहे. दीर्घकाळ एकाच अवस्थेत धरलेली कोवळी कूर्चा त्या अवस्थेतच घट्ट होत जाते. मानवी वैद्यकातही या गुणधर्माचा उपयोग होतो : नवजात बाळाच्या कानाचा आकार वेगळा असेल तर पहिल्या काही आठवड्यांत साचा लावून तो शस्त्रक्रियेशिवाय सुधारता येतो. ही पद्धत १९८० च्या दशकात जपानी शल्यचिकित्सकांनी पुढे आणली. बाळाचे वय वाढत गेले की यशाची शक्यता झपाट्याने घटते. पिल्लांतही वाढ संपल्यावर लावलेल्या पट्टीने फारसे काही साधत नाही.

जर्मन शेफर्ड : आधार आणि प्रतीक्षा

मराठी घरांत दीर्घकाळ अल्सेशियन या नावाने ओळखल्या गेलेल्या या जातीत प्रश्न उलटा असतो. कान वर जायला हवा. बहुतेक पिल्लांचे कान तिसऱ्या ते पाचव्या महिन्याच्या दरम्यान आपोआप उभे राहतात. मध्येच एक कान उभा, एक पडलेला, किंवा आठवडाभर उभा राहून पुन्हा पडलेला असा काळ येतो. दात येण्याच्या सुमारास हे विशेष दिसते आणि त्यात काळजीसारखे काही नसते. पाच महिने उलटूनही कान तळापासून मऊच राहिला, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने हलक्या फोमचा गुंडाळा कानात ठेवून बाहेरून सच्छिद्र चिकटपट्टी लावली जाते. उभ्या अवस्थेत कूर्चा घट्ट व्हावी, एवढाच यामागचा हेतू असतो. कान जाड, मोठा आणि आनुवंशिकतेनेच मऊ असेल तर पट्टी निघताच तो पुन्हा पडतो.

कॅल्शियमचा गैरसमज

कान उभे राहावेत म्हणून पिल्लाला कॅल्शियमचे सिरप पाजण्याची पद्धत आपल्याकडे फार पसरलेली आहे. तिला शरीरशास्त्राचा आधार नाही. हाडाला कॅल्शियमची गरज असते. कानातील लवचीक कूर्चेचा ताठपणा मात्र प्रथिनांच्या तंतूंमधून येतो. शिवाय मोठ्या जातीच्या लहान पिल्लांना आहारातून आलेले जादा कॅल्शियम शोषण्यावर पुरेसे नियंत्रण ठेवता येत नाही. संतुलित आहारावर वरून दिलेल्या पुरवणीने हाडांची वाढ बिघडते, सांध्यांचे विकार होऊ शकतात. कानासाठी केलेला उपाय पायांवर बेतण्याचा हा धोका खराखुरा आहे, आणि पूर्ण टाळता येण्याजोगाही.

पट्टीच्या मर्यादा आणि इजा

हवा न जाणाऱ्या पट्टीखाली ओल साठते. कोकणात, मुंबईत किंवा एरवीही पावसाळ्यात या ओलीत जिवाणू आणि यीस्ट वेगाने वाढतात. कानाला वास येणे, लाली, सतत डोके झटकणे ही त्याची पहिली लक्षणे. घट्ट गुंडाळलेल्या पट्टीने रक्तपुरवठा अडला तर टोकाची त्वचा काळी पडून झडू शकते. घरगुती वापराचा झटपट चिकटणारा गोंद त्वचेला पोळतो. पट्टी ओढून काढल्यास केसांबरोबर त्वचेचा वरचा थर निघतो; ती तेलाने किंवा चिकटपणा सोडवणाऱ्या द्रवाने मऊ करूनच काढावी लागते. काही दिवसांनी पट्टी काढून कानाला मोकळी हवा देणे हा या पद्धतीचा अविभाज्य भाग आहे, आणि घाईत तोच वगळला जातो.

डोबरमन : कापलेला कान

डोबरमनचा जन्मतः कान रुंद आणि लोंबता असतो. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील अपोल्डा येथे राखणीसाठी ही जात घडवली गेली, आणि झटापटीत प्रतिस्पर्ध्याला पकडायला कान मिळू नये, असे कान कापण्याचे समर्थन दिले गेले. आज घरात वाढणाऱ्या डोबरमनला ते लागू नाही. शस्त्रक्रिया साधारण ७ ते १२ आठवड्यांच्या वयात भूल देऊन केली जाते. कर्णपाळीचा बाहेरचा मोठा भाग कापून कडा शिवली जाते. कापल्याने कान लगेच उभा राहत नाही. जखम भरल्यावर तो आधाराभोवती पट्टीने ताणून बांधावा लागतो. त्याला पोस्टिंग म्हणतात. लांब कापाच्या कानात ते कित्येक महिने चालते. म्हणजे पिल्लू माणसांशी विश्वासाने वागायला शिकते नेमक्या त्याच वयात त्याच्या वाट्याला टाके, वेदना आणि वारंवार डोके धरून ठेवणारे हात येतात.

कापलेल्या कानाला संसर्ग कमी होतो, असा दावा केला जातो. त्याला भक्कम पुरावा नाही. कानाचे विकार कर्णनलिकेची रचना, त्वचेची ॲलर्जी आणि ग्रंथींच्या स्रावाशी अधिक निगडित असतात. शिवाय कर्णपाळी कापल्याने कुत्र्याच्या संकेतभाषेचे एक साधनही तोकडे होते. दिसण्यापलीकडे या शस्त्रक्रियेचे पिल्लाला काहीही देणे नाही, आणि म्हणून ती समर्थनीय ठरत नाही.

कायदा

युरोप परिषदेच्या १९८७ च्या पाळीव प्राणी संरक्षण कराराने दिसण्यासाठी कान कापणे आणि शेपूट तोडणे निषिद्ध मानले. जर्मनीत कान कापण्यावर १९८७ पासून बंदी आहे. इंग्लंडच्या केनेल क्लबने तर १९ व्या शतकाच्या अखेरीसच कापलेल्या कानांचे कुत्रे प्रदर्शनातून दूर केले होते. अमेरिकेत देशव्यापी बंदी नाही. तेथील पशुवैद्यक संघटना केवळ दिसण्यासाठी केल्या जाणाऱ्या या शस्त्रक्रियेला विरोध करते, तर अमेरिकन केनेल क्लब तिचे समर्थन करतो. भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला अनावश्यक वेदना देणे आणि त्याचा अवयव छिन्न करणे हे गुन्हे आहेत. भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०११ मध्ये कान कापणे व शेपूट तोडणे या प्रथांविरुद्ध भूमिका घेतली. तिला पुढे मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले.

कायद्याइतकाच परिणाम मानक बदलल्याने होतो. २०१५ मध्ये एफसीआयच्या सुधारित डोबरमन मानकात नैसर्गिक कानाचे वर्णन आले : योग्य आकाराचा, गालालगत पडणारा. अमेरिकन मानक मात्र आजही सहसा कापलेला आणि उभा कानच सांगते. तीच जात, दोन कागद, आणि दोन वेगळे कान.

निवडीवरचा परिणाम

सर्वांत कमी चर्चिली जाणारी बाजू पैदाशीची आहे. अमेरिकन प्रदर्शनांच्या नियमांत कृत्रिम उपायांनी रूप बदललेला कुत्रा, मानकात मुभा नसेल तर, अपात्र ठरतो. तरीही पिल्लूपणी गोंद लावून घडलेला शेल्टीचा कान प्रौढपणी नैसर्गिक कानापासून वेगळा ओळखता येत नाही. परीक्षक जे पाहतो ते कूर्चेचे अंतिम वळण असते, जनुकांनी दिलेला कल नसतो. असा कुत्रा विजेता ठरतो, त्याची वीण घेतली जाते, आणि पिल्लांत मूळचाच ताठ किंवा पडका कान उतरतो. त्या पिल्लांनाही गोंद लागतो. कान जितक्या सफाईने घडवले जातात, तितका तो दोष निवडीपासून लपून राहतो, आणि पिढ्यांमागून पिढ्या कानाची नैसर्गिक ठेवण सुधारण्याची संधी निसटते.

ही साखळी पैदासकाराच्या वहीत तुटू शकते. वेतातल्या कोणत्या पिल्लाला पट्टी लागली, कोणत्या वयात, किती काळ, आणि कोणाचे कान हात न लावता बसले, याची नोंद वंशावळीसोबत ठेवली, तर जोड्या निवडताना नैसर्गिकरीत्या चांगले कान असलेल्या कुळांना प्राधान्य देता येते. अशी नोंद ठेवायला खर्च येत नाही; विक्रीच्या वेळी ती दाखवावी लागते, हीच तिची अडचण आहे.