लिथियम बॅटरी घेण्यापूर्वी गज लावून पाहा

कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली. ताग्याच्या चिठ्ठीवर २० मीटर लिहिलेले असले तरी गज लावल्याशिवाय आम्ही माल उचलत नाही. पण गेल्या लगनसराईत एका वेगळ्याच मालाच्या बाबतीत आमच्याकडून गफलत होता होता राहिली. तो माल म्हणजे गाडीची बॅटरी.

मालेगावहून आमचा भरलेला टेम्पो पहाटे जळगावला निघायचा होता. किल्ली फिरवली, टक्-टक् झाले, इंजिन उठेना. हमालांनी धक्का मारून गाडी चालू केली खरी, पण जळगावला पोहोचेपर्यंत दुपार झाली आणि गिऱ्हाइकाने दुसरीकडून माल घेतला होता. बॅटरी विकणारा म्हणाला, "सेठ, लिथियमची टाका. एकदाच पैसे जातील, मग दहा वर्षे बघायला नको." भाव शिशाच्या बॅटरीच्या चौपट होता. तरी आम्ही जवळजवळ होकार दिला होता.

मग चिठ्ठी वाचली. ठळक अक्षरात ६० अँपिअर-अवर, खाली बारीक अक्षरात 'शिशाच्या तुलनेत'. प्रत्यक्ष साठवण २० च होती!

यात सरळ फसवणूक आहे असे नाही. शिशाची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. लिथियमची साठवण बरीचशी वापरता येते आणि इंजिन फिरवण्यासाठी लागणारा झटका ती जोरात देते. म्हणून छोटी बॅटरीही सेल्फ मारू शकते. परंतु रात्री दिवे चालू राहिले, तर शेवटी २० म्हणजे २० च.

गाडीसाठी बहुधा लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीची बॅटरी वापरतात. तिच्या चार सेलचे मिळून १२.८ व्होल्ट होतात. शिशाच्या सहा सेलचे १२.६ च्या आसपास. दोन्ही आकडे जवळ असल्यानेच अदलाबदल शक्य होते. वजनात मात्र मोठा फरक. शिशाची १५ किलोच्या घरात असेल तर ही चार-पाच किलोची. पोर्शे कंपनीने २००९ साली आपल्या काही वेगवान मोटारींसाठी अशी बॅटरी जाहीर केली, ती मुख्यतः १० किलोहून जास्त वजन वाचवण्यासाठी. तरीही गिऱ्हाइकाला सोबत शिशाची साधी बॅटरी देण्याची सोय ठेवली, कारण कडाक्याच्या थंडीत लिथियमचा जोर कमी पडतो. शर्यतीच्या मोटारीला १० किलो मोलाचे. पण शेकडो किलो कापड वाहणाऱ्या टेम्पोला त्याचे काय?

आमच्याकडे थंडीपेक्षा उन्हाची भीती मोठी. उन्हाळ्यात पारा ४० च्या पार जातो आणि इंजिनाजवळ त्याहून जास्त. उष्णतेने दोन्ही बॅटऱ्यांचे आयुष्य घटते, पण चौपट भाव दिलेल्या मालाचे घटले तर तोटाही चौपट.

तरीही घ्यायचीच असेल, तर व्यापारी बांधवांनी या गोष्टी तपासाव्यात :

१) प्रत्यक्ष अँपिअर-अवर किती आणि इंजिन फिरवण्याचा करंट किती, हे पावतीवर लिहून घ्यावे.

२) बॅटरीत रक्षण करणारे सर्किट असावे. ते चालत्या गाडीत अचानक तुटले तर आल्टरनेटरचा दाब उसळून गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. म्हणून अशा वेळी काय होते, हे विक्रेत्याला आधीच विचारावे.

३) आल्टरनेटरचा दाब मिस्त्रीकडून मोजून घ्यावा. साधारण १४ ते १४.६ व्होल्ट हवा. नव्या गाड्यांत हा दाब संगणक कमी-जास्त करतो, तेथे गाडीच्या कंपनीला विचारल्याशिवाय बदल करू नये.

४) शिशाच्या बॅटरीचा जुना चार्जर लावू नये. शिशाच्या बॅटरीला जोडून समांतरही लावू नये.

५) वॉरंटीत मोटारीचा वापर धरला आहे का, हे वाचावे.

लिथियम कोणाच्या कामाची? ज्याची गाडी आठवडे-आठवडे उभी राहते, त्याच्या. उभ्या गाडीत शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसून बॅटरी निकामी होते. लिथियमला हा रोग नाही आणि ती आपोआप फार कमी उतरते. रोज धावणाऱ्या टेम्पोचा हिशेब वेगळा.

जुनी शिशाची बॅटरी मोडीत चांगली किंमत आणते, ती परवानाधारकालाच द्यावी. घराच्या अंगणात शिसे वितळवणे म्हणजे मुलांच्या अंगात विष घालणे होय.

आता आमच्या टेम्पोचे. भरवशाच्या मिस्त्रीने मीटर लावला तेव्हा आल्टरनेटरचा पट्टा ढिला निघाला. दाब १३ व्होल्टवर अडकला होता, म्हणजे बॅटरी रोज उपाशीच राहत होती. पट्टा बदलला, शिशाचीच नवी बॅटरी बसवली. चौपट भावाची लिथियम घेतली असती तर तीही त्याच ढिल्या पट्ट्यावर अर्धपोटी राहिली असती. जळगावचे ते गिऱ्हाईक अजून परत आलेले नाही, पण गाडी पहाटे पहिल्या किल्लीला उठते.