पेट्रोल: धुळ्याचा दर, जळगावचा दर

धुळे आणि जळगाव एकाच राज्यात, व्हॅटही सारखाच. तरी पेट्रोलचे दर काही पैशांनी वेगळे. याचे मोठे कारण वाहतूक. खानदेशात येणारे बरेच टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीत भरतात. तिथून धुळे जवळ, जळगाव लांब. अंतर वाढले की भाडे वाढते. नवापूरपलीकडे गुजरातचा व्हॅट कमी, म्हणून तिथे फरक रुपयांत जातो आणि सीमेलगतचे लोक तिकडे टाकी भरतात. पण मुद्दाम लांब गेल्यास वाचलेले पैसे वाटेतच जळतात. खरी बचत चालवण्यात आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग, टायरमध्ये योग्य हवा आणि लांब सिग्नलला इंजिन बंद, एवढे प्रत्येकाने पाळावेच.