एक नांव, अनेक कामें

धरणगांवच्या एखाद्या घरांत सांजवेळीं आजी नातीला सांगते, ‘दिवा लाव, दार लाव आणि मग माझ्या गुडघ्याला तेल लाव.’ क्रियापद एकच, कामें तीन. तरी नात गोंधळत नाहीं, कारण शेजारचा शब्द अर्थ निश्चित करतो. नुसतें ‘लाव’ म्हटलें, तर मात्र ती ‘काय?’ असें विचारल्यावांचून राहणार नाहीं. संगणकाच्या कित्येक भाषांतून हीच सोय ‘फंक्शन ओव्हरलोडिंग’ या नांवानें ओळखली जाते.

फंक्शन म्हणजे नांव देऊन ठेवलेली कृति; तिला माहिती पुरवावी व उत्तर घ्यावें. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनीं रचलेल्या ‘सी’ भाषेंत एका नांवाचें एकच फंक्शन असूं शकतें. त्यामुळें संख्येचें ऋणचिन्ह काढून टाकण्याच्या एकाच कृतीला पूर्णांकासाठीं ‘ॲब्स’, मोठ्या पूर्णांकासाठीं ‘लॅब्स’ आणि दशांश अपूर्णांकासाठीं ‘एफॲब्स’ अशीं तीन नांवें द्यावीं लागलीं. नांव चुकलें तर? कापसाच्या तोलांत उणे २.५ किलोची तफावत आली असें धरावें. ती ‘ॲब्स’ला दिली कीं अपूर्णांक छाटला जातो व उत्तर २ येतें. अर्धा किलो मुकाट्यानें नाहींसा होतो!

बियार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनीं १९७९ मध्यें बेल प्रयोगशाळेंत ‘सी’वर आधारलेल्या नव्या भाषेचें काम आरंभिलें, १९८३ मध्यें तिला ‘सी प्लस प्लस’ हें नांव मिळालें. तिच्यांत हीं तिन्ही कामें ‘ॲब्स’ या एकाच नांवाखालीं नांदतात. पुरविलेल्या माहितीची संख्या, प्रकार व क्रम पाहून कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या आज्ञांचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, योग्य तें फंक्शन निवडतो. उत्तर कोणत्या प्रकारचें हवें, केवळ एवढ्यावरून दोन फंक्शनें वेगळीं ठरत नाहींत.

आतां एक अडचण. एक फंक्शन आधीं पूर्णांक व मग अपूर्णांक मागतें. त्याच नांवाचें दुसरें याच्या उलट. त्यांना दोन्ही पूर्णांकच दिले, तर दोन्ही सारखींच जुळतात. अशा वेळीं कंपायलर अंदाज बांधीत नाहीं. चूक दाखवून थांबतो. नातीच्या ‘काय?’ या प्रश्नासारखेंच हें थांबणें हिताचें असतें.

परंतु ‘बेरीज’ या नांवाखालीं कोणी एके ठिकाणीं बेरीज व दुसरीकडे नोंद पुसण्याचें काम लिहिलें, तर यंत्र हरकत घेत नाहीं. फसतो तो वाचणारा मनुष्य. समान नांव समान हेतूलाच द्यावें, ही जबाबदारी लिहिणाराचीच राहते.