फायबरच्या नौकेतील कुजका गाभा व त्याची दुरुस्ती

पेठ वडगाव हे वारणा व पंचगंगा या नद्यांच्या दरम्यान वसलेले आहे. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील महापुरांत या परिसरातील अनेक गावांना नौकेवाचून तरणोपाय उरला नव्हता. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे नौका उलटून प्राणहानी झाली. तिचा प्रस्तुत विषयाशी कार्यकारणसंबंध नाही. परंतु एका नौकेवर किती जीव विसंबून असतात, हे तिने दाखवून दिले. वर्षानुवर्षे उघड्यावर पडून असणारी जुनी नौका आतून शाबूत आहे काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

फायबर म्हणजे राळेत घट्ट बसविलेले काचतंतू. हे द्रव्य कुजत नाही, हे खरे. परंतु पुष्कळ जुन्या नौकांच्या तक्तपोशीत दोन पातळ काचतंतुथरांच्या मध्ये प्लायवूडचा किंवा बाल्सा लाकडाचा गाभा असतो. एकसंध फळीची जाडी दुप्पट केली असता तिचा ताठरपणा आठपट होतो. गाभा दोन्ही थरांना एकमेकांपासून दूर राखून हाच लाभ अल्प वजनात मिळवून देतो. तो कुजला म्हणजे थर सुटे पडतात आणि तक्तपोशी पायाखाली लवू लागते.

पाणी शिरते ते बहुधा बोल्टांच्या छिद्रांतून. वरचे थर वाफ बाहेर जाऊ देत नाहीत. त्यामुळे आत गेलेले पाणी तेथेच कोंडते. लाकडातील ओलावा सुमारे ३० टक्क्यांपर्यंत चढला की बुरशीस अनुकूल स्थिती निर्माण होते. तो २० टक्क्यांखाली राहिल्यास कूज सहसा लागत नाही.

परीक्षा सोपी आहे. बाजारात माठ वाजवून घेतात, त्याप्रमाणे लहान हातोडीने पृष्ठभाग ठोकीत जावे. निरोगी भाग खणखणीत वाजतो, कुजका बद्द वाजतो. संशयित जागी बारीक छिद्र पाडून निघणारा भुसा पाहावा. तो काळसर व ओला असल्यास शंका उरत नाही.

छिद्रांतून राळ ओतून काम भागविण्याचा मोह अनेकांस होतो. परंतु पाण्याने व्यापलेल्या लाकडात राळ शिरत नाही. खरा उपाय एकच: वरचा थर केवळ त्याच्या जाडीइतका कापून उचलावा आणि निरोगी लाकूड लागेपर्यंत गाभा खरवडून काढावा. उरलेला भाग पूर्ण वाळू द्यावा. पावसाळ्याच्या दमट हवेत हे काम हाती न घेणेच श्रेयस्कर. नंतर त्याच जाडीचा नवा तुकडा दाट केलेल्या एपॉक्सी राळेत, पोकळी न ठेवता, दाबून बसवावा. वरचा थर पुन्हा बसविताना सांध्याच्या कडा थराच्या जाडीच्या सुमारे बारापट रुंदीत उतरत्या घासाव्यात व त्यांवर काचकापडाचे नवे थर चढवावेत. घासताना उडणारी काचेची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मुखपट्टी, तसेच राळेसाठी हातमोजे अवश्य वापरावेत.

शेवटी बोल्टाचे प्रत्येक छिद्र मोठे पाडून राळेने भरावे आणि ती कठीण झाल्यावर तिच्यातूनच योग्य मापाचे छिद्र पाडावे. अशा रीतीने पाणी झिरपले तरी ते लाकडास स्पर्श करीत नाही. मूळ वाट बंद न करता केलेली दुरुस्ती काही पावसाळ्यांतच व्यर्थ ठरते. आणि नौकेची परीक्षा पाहण्याची वेळ पूर येण्यापूर्वीची असते, पुरातली नव्हे.