गाणे कानात, माणूस घरात

दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि चार माणसे असा ज्यांचा संसार आहे, त्यांना शांतता ही किती महाग वस्तू आहे हे सांगायला नको. संध्याकाळ झाली की एकाला बातम्या हव्या असतात, दुसऱ्याला मालिका, तिसऱ्याला बीजगणित. आणि या सर्वांवर कुकरची शिट्टी असतेच. अशा घरात ज्याला गाणे ऐकायचे असते त्याचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. गाणे ऐकणे हे काही 'काम' नव्हे, अशी आपल्याकडची सर्वसाधारण समजूत आहे ना!

आमच्या घरी हा शेवटचा नंबर वडिलांचा होता. नोकरीच्या काळात त्यांनी पगारातून चार पैसे बाजूला टाकून कॅसेटी जमवल्या. पुढे तेच गाणे मोबाइलवर आले. आई गेल्यानंतर संध्याकाळचा तास-दीड तास हीच त्यांची सोबत होती. पण नात दहावीत गेली आणि त्यांनी आपण होऊन गाणे बंद केले. कुणी सांगितले नव्हते. "तिचं वर्ष महत्त्वाचं आहे," एवढेच म्हणाले. घरातल्या वडीलधाऱ्यांचा असला समजूतदारपणा आपल्याला फार टोचतो.

माझ्या भाच्याने हौसेने त्यांना हेडफोन आणून दिले. चांगले जाडजूड, कान पूर्ण झाकणारे, बंद वाट्यांचे. चार दिवस वडील खूश होते. पण दाराची घंटा त्यांना ऐकू येईना, जेवायला हाक मारली तरी ओ येईना. नात शाळेतली काही गंमत सांगायला त्यांच्यासमोर उभी राही आणि क्षणभराने निघून जाई. पाचव्या दिवशी हेडफोन कपाटात गेले. "गाणं छान येतं रे, पण घरातून उठून गेल्यासारखं वाटतं," असे ते म्हणाले. या वाक्याने मला कामाला लावले, आणि त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे; कारण आमच्यासारखी घरे पुष्कळ असणार.

हेडफोनच्या तीन जाती आहेत. प्रत्येक वाटीत एक इवलासा स्पीकर असतो. त्याचा पडदा हलला की आवाज पुढे कानाकडे जातो, तसाच मागेही जातो. वाटीची पाठ बंद असली तर मागचा आवाज आतच कोंडतो. ही बंद जात. ठेका भरदार वाटतो, बाहेरचे आत येत नाही आणि आतले बाहेर जात नाही. पाठीला नुसती जाळी असली तर ती उघडी जात. गाणे मोकळ्या दालनात चालल्यासारखे वाटते, पण शेजारी बसलेल्यालाही ते निम्मेअधिक ऐकू जाते. या दोहोंच्या मधली ती अर्धी उघडी जात. इंग्रजीतून आलेला तिचा शब्द 'सेमी-ओपन'. हिच्या पाठीला मोजकीच छिद्रे वा झरोके ठेवलेले असतात. दार सताड उघडे नाही, कडीही लावलेली नाही. नुसते लोटून घेतले आहे, असे समजा.

या लोटलेल्या दाराचा घरात फायदा असा, की हाक ऐकू येते, घंटा ऐकू येते, शिट्टी मोजता येते आणि तरीही तानपुरा कानाशी राहतो. तोटाही सांगितला पाहिजे. खोल खर्ज बंद जातीइतका घुमत नाही. शिवाय रात्रीच्या निजानीज वेळी शेजारच्या अंथरुणावर बारीक चिरचिर पोचतेच. किती झरोके ठेवले म्हणजे 'अर्धे' उघडे, याचे काही सरकारी माप नाही. म्हणून खोक्यावरच्या शब्दापेक्षा आपल्या घरात घेतलेली परीक्षा खरी.

आम्ही ती अशी घेतली. वडिलांनी नेहमीच्या आवाजात गाणे लावले आणि नातीला पुस्तक देऊन प्रथम त्याच टेबलाशी बसवले. "येतंय ऐकू, आजोबा!" ती म्हणाली. मग ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे पंखा चालू असता काही कळेना. शेवटी आतल्या खोलीतून तिने साध्या आवाजात "आजोबा" म्हटले, आणि वडिलांनी मान वर केली. एवढ्याने आमचा प्रश्न सुटला. आता ते खिडकीशी बसतात, ती आत बसते.

पूर्वी हेडफोन ही इतकी एकट्याने वापरायची वस्तू नव्हती. १९१० साली अमेरिकेतील युटा राज्याच्या नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवून तिथल्या नौदलाला विकले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, त्या काळातले साधे क्रिस्टल रेडिओ हेडफोनवरच ऐकावे लागत. तेव्हा जगभर एक युक्ती चाले: हेडफोन एखाद्या भांड्यात ठेवायचा, म्हणजे आवाज वाढतो आणि भोवती चार डोकी जमून ऐकतात! पुढे १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी अमेरिकेत घरगुती स्टीरिओ हेडफोन आणला, आणि १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने एचडी ४१४ हा उघड्या पाठीचा हेडफोन बाजारात आणून कान मोकळे केले.

अर्ध्या उघड्या जातीतले सर्वांत परिचित नाव म्हणजे एकेजी के-२४०. एकेजी ही व्हिएन्नात १९४७ साली स्थापन झालेली कंपनी. के-२४० हे नाव १९७० च्या दशकापासून ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत वावरत आहे. व्हिएन्नातले तिचे काम २०१७ मध्ये बंद झाले, पण नाव आणि नमुना चालू राहिला. आता 'स्टुडिओ' या शब्दाला बिचकू नये. स्टुडिओत हेडफोन लागतो तो ध्वनिमुद्रणातले दोष पकडायला. म्हणून तो आवाजाला साखर लावीत नाही, आणि तासन् तास डोक्यावर ठेवायचा म्हणून हलका व दुरुस्त करण्याजोगा बनवतात. घरातल्या माणसाला आणखी काय हवे?

परवडणाऱ्या किमतीत मुख्यतः तीन नावे पुढे येतात. अमेरिकेच्या सॅमसन कंपनीचा एसआर ८५० आणि तैवानच्या सुपरलक्सचा एचडी ६८१ हे दोन त्यांत स्वस्त. दोघांचाही आवाज मोकळा, पण वरचे सूर थोडे धारदार. गाण्यातले 'स' आणि 'श' अधिक उठून येतात. ज्यांना झांज, सतार, व्हायोलिन यांचा लखलखाट आवडतो ते खूश होतील. के-२४० स्टुडिओ त्यांहून महाग, पण मधल्या पट्टीत, म्हणजे जिथे माणसाचा गळा वसतो तिथे, त्याची मांडणी फार समजूतदार आहे. शिवाय त्याची वायर काढून बदलता येते. पहिल्या दोघांची जोडलेलीच असते. आमच्या घरी गळ्याचे गाणे जास्त, म्हणून के-२४० आला. जर्मनीच्या बायरडायनॅमिकचा डीटी ८८० हाही याच जातीचा, परंतु तो किमतीने या पंगतीत बसत नाही. भाव सणासुदीला खाली-वर होतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी.

खोक्यावर 'ओहम' असे लिहून एक आकडा असतो, त्याकडे अवश्य पाहावे. हा विजेच्या वाटेतला अडथळा. सॅमसन व सुपरलक्सचा ३२ ओहम, के-२४० स्टुडिओचा ५५. मोबाइलवर वा लॅपटॉपवर ऐकायचे असेल तर साधारण याच टापूत राहावे. डीटी ८८० हा २५० आणि ६०० ओहममध्येही मिळतो. त्याला वेगळ्या अॅम्प्लिफायरची जोड लागते, नाहीतर आवाज क्षीण येतो. के-२४० देखील थोडा जोर मागतो. तेव्हा घरात ज्या यंत्रावर ऐकणार, तेच यंत्र दुकानात न्यावे. आजच्या पुष्कळ मोबाइलना हेडफोनचे भोकच नसते. त्यासाठी यूएसबी-सीची छोटी जोडवायर घ्यावी लागते, तिचा खर्च आधीच धरावा. जाड ६.३५ आणि बारीक ३.५ मिलिमीटर अशा पिनांच्या दोन जाती असतात. जोडपिन खोक्यात आहे ना, हे पाहावे.

"वायर कशाला? हल्ली बिनवायरीचे मिळतात की!" असे तरुण मंडळी म्हणतील. मिळतात, आणि महागड्यांत बाहेरचा आवाज मायक्रोफोनने आत घेण्याची सोयही असते. पण त्यांची बॅटरी चार्ज करावी लागते आणि काही वर्षांनी ती म्हातारी होते. खुर्चीत बसून ऐकणाऱ्याला वायरीचा जाच फारसा नाही. के-२४० ची वायर तीन मीटर लांब आहे. ती वाटेत लोळू देऊ नये, एवढेच.

गाद्यांचा विचार आपल्या हवेत महत्त्वाचा. कृत्रिम चामड्याच्या गाद्यांखाली मुंबई-कोकणात घाम येतो आणि कालांतराने त्यांचे पापुद्रे निघतात. मखमलीच्या गाद्या थंड, पण धूळ धरतात. कोणत्याही घ्या, त्या बदलून मिळतात ना, हे विचारून घ्या. चश्मा लावणाऱ्याने चश्म्यासकट वीस मिनिटे हेडफोन घालून बसावे. काडीवर दाब पडून कानशील दुखू लागले तर आवाज कितीही गोड असो, तो हेडफोन परत ठेवावा.

परीक्षेसाठी गाणे आपलेच घ्यावे, दुकानदाराचे नव्हे. भीमसेन जोशींचा एखादा विलंबित ख्याल लावा. तानपुऱ्याची जवारी वेगळी ऐकू येते का? तबल्याच्या डग्ग्याची घुम बोथट होते का? मग किशोरी आमोणकरांचे तार सप्तकातले सूर; ते टोचता कामा नयेत. शेवटी एखादे जुने ध्वनिमुद्रण. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली ५६ गीतांत प्रसारित झाले. त्या काळची मुद्रणे एकपदरी, म्हणजे मोनो असतात. ती दोन्ही कानांत सारखीच येतात आणि आवाज डोक्याच्या मध्यभागी उभा राहतो. हा हेडफोनचा दोष समजू नये. जुन्या तबकडीची खरखरही यात स्पष्ट ऐकू येईल. वडिलांना ती आवडते. "तबकडी फिरतेय हे कळतं," असे त्यांचे म्हणणे.

आता कानांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित. तोच ९० डेसिबल झाला की मर्यादा अवघ्या चार तासांवर येते. अर्ध्या उघड्या वाट्यांत घरातला गलबला आत येतो, आणि त्यावर मात करायला हात नकळत आवाज वाढवतो. तसे करू नये. टीव्ही जोरात असेल तर जागा बदलावी, आणि अधूनमधून कानांना विसावा द्यावा. ज्येष्ठांना नेहमीच्या आवाजात शब्द कळेनासे झाले तर आधी कान तपासून घ्यावेत. हेडफोन हा श्रवणयंत्राला पर्याय नव्हे.

प्रवासात, लोकलमध्ये वा एकाच खोलीत कुणी झोपलेले असताना बंद जातच बरी. पण जिथे माणसाने गाण्यातही असावे आणि घरातही असावे अशी आपली इच्छा आहे, तिथे हे लोटलेले दार उपयोगी पडते. दिवाळीच्या खरेदीत साड्या येतात, फटाके येतात, मुलांचे हट्ट येतात; ज्याने कधी हट्ट केला नाही त्याचीही एक ओळ यादीत लिहावी. दुकानात मात्र त्याला बरोबर न्यावे. पैसे आपले असले तरी कान त्याचे आहेत.