आजी, तुम्ही कशा आहात?
ज्येष्ठांच्या स्वास्थ्याचे मोजमाप आणि शासनाचे धोरण

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात बाह्यरुग्ण, आंतररुग्ण आणि शस्त्रक्रिया यांची संख्या देण्याची प्रथा आहे. देणगीदारांनी दिलेल्या पैशाचा विनियोग कसा झाला, हे सांगणारे ते आकडे आवश्यकच आहेत. परंतु मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आजी घरी गेल्यावर पुन्हा पोथी वाचू लागल्या का, एकट्या देवळात जाऊ लागल्या का, की दृष्टी येऊनही दिवसभर भिंतीकडे पाहत बसून राहिल्या, हे त्या आकड्यांतून कळत नाही. उपचार किती झाले ते आपण मोजतो. माणूस कसा आहे ते मोजायचे राहून जाते.

शासनापुढेही हीच अडचण आहे, मात्र ती फार मोठ्या प्रमाणावर. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या सुमारे 10 कोटी 38 लाख होती. त्यांपैकी सुमारे 1 कोटी 11 लाख ज्येष्ठ महाराष्ट्रातील होते. जनगणना माणसे मोजते. त्यांचे दिवस कसे जातात, हे सांगत नाही. निवृत्तिवेतन किती द्यावे, तालुक्याच्या ठिकाणी कोणते तज्ज्ञ नेमावेत, कोणाला काठी हवी, कोणाला चष्मा आणि कोणाला सोबत, हे ठरवायचे तर केवळ डोकी मोजून भागत नाही. त्यासाठी स्वास्थ्य मोजावे लागते.

मराठीत ‘आरोग्य’ आणि ‘स्वास्थ्य’ हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. तथापि ‘मनाला स्वास्थ्य नाही’ असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्याचा संबंध रक्तदाबाशी नसतो. शरीराची क्षमता, मनाची स्थिती, हातातील पैसा, माणसांची सोबत आणि स्वतःच्या आयुष्याविषयीचे समाधान या सर्वांचा मिळून स्वास्थ्याचा विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात तो शब्द आम्ही याच व्यापक अर्थाने वापरला आहे.

अशी गोष्ट मोजायची कशी? याचे एक जुने आणि आजही उपयोगी पडणारे उत्तर अमेरिकेतील डॉक्टर सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली दिले. त्यांनी रोगाचे नाव बाजूला ठेवून सहा साध्या गोष्टींची नोंद घेतली: आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे. यांपैकी किती गोष्टी माणूस कोणाच्याही मदतीविना करतो, त्यावरून त्याचे स्वावलंबन ठरते. पुढे 1969 साली लॉटन आणि ब्रॉडी यांनी घर चालवण्यासाठी लागणाऱ्या कामांची सूची तयार केली. स्वयंपाक, खरेदी, औषधे वेळेवर घेणे, दूरध्वनी करणे, पैशांचा हिशेब ठेवणे अशी ती कामे होत. पहिल्या सूचीतील कामे अडली तर कोणीतरी सतत जवळ असावे लागते; दुसऱ्या सूचीतील अडली तर माणूस घरात राहू शकतो, परंतु हळूहळू परावलंबी होत जातो.

प्रश्न साधे असले तरी ते विचारण्याची पद्धत महत्त्वाची असते. “आजी स्वतः आंघोळ करतात का?” असे विचारले की सोबत आलेला मुलगा चटकन “हो” म्हणतो. तोच प्रश्न आजींना विचारला आणि थोडे थांबले, तर त्या सांगतात, “करते हो, पण बादली सूनबाई आणून ठेवते. ती कामाला गेली की त्या दिवशी राहूनच जाते.” दोन्ही उत्तरे खरीच आहेत, पण आजींचा दिवस कसा जातो ते दुसऱ्या उत्तरातून कळते.

आपल्या देशात हे काम फार मोठ्या प्रमाणावर झाले आणि त्याचे केंद्र मुंबईत होते, ही आपल्या वाचकांसाठी अभिमानाची बाब आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या वतीने मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने, हार्वर्ड विद्यापीठ व दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या सहकार्याने, भारतातील वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. ‘लासी’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. त्याची पहिली फेरी 2017-18 मध्ये झाली आणि अहवाल जानेवारी 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्ती व त्यांचे जोडीदार अशा 72,000 हून अधिक लोकांच्या घरी जाऊन माहिती घेण्यात आली. त्यांपैकी 31,000 हून अधिक जण साठी ओलांडलेले होते. रक्तदाब, हाताच्या मुठीची पकड, चालण्याची गती, दृष्टी यांची प्रत्यक्ष तपासणी झाली. त्याबरोबरच उत्पन्न, कुटुंब, स्मरणशक्ती, मनःस्थिती आणि आयुष्याविषयीचे समाधान यांबद्दलही विचारणा झाली.

या अभ्यासातून असे दिसले की, साठ वर्षांवरील सुमारे 24 टक्के व्यक्तींना दैनंदिन कामांपैकी किमान एका कामात अडचण येते. घर चालवण्याच्या कामांबाबत हेच प्रमाण सुमारे 48 टक्के आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या ज्येष्ठांना कोठे ना कोठे आधार लागतो.

परंतु आमच्या मते सर्वाधिक बोलका आकडा वेगळाच आहे. ‘तुम्हाला नैराश्याचा विकार असल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का?’ या प्रश्नाला ज्येष्ठांपैकी केवळ 0.8 टक्के व्यक्तींनी होकार दिला. मात्र उदासी, कशातही रस न वाटणे, थकवा, झोप, भूक यांविषयी एकेक प्रश्न विचारून ठरावीक निकषांनी पाहिले, तेव्हा तीव्र नैराश्याची शक्यता 8.3 टक्के व्यक्तींमध्ये आढळली. हजार ज्येष्ठांमागे आठ जणांचे दुःख दवाखान्याच्या कागदावर होते. विचारल्यावर ते त्र्याऐंशी जणांचे निघाले. उरलेले पंच्याहत्तर जण कोणत्याही नोंदीत नव्हते, आणि जे नोंदीत नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

हे असे का घडते, हे आपण आपल्या घरात पाहतो. वडीलधारी मंडळी ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत नाहीत. ‘जीव रमत नाही’, ‘उगाच हुरहूर लागते’, ‘अन्न गोड लागत नाही’ असे त्या म्हणतात, आणि आपण ‘वय झाले’ असे म्हणून तो विषय संपवतो. त्यामुळे प्रश्नावली त्या त्या भाषेत तयार करणे आणि उत्तराची वाट पाहणे, हाही मोजमापाचाच भाग आहे.

धोरण आखणाऱ्यांना या अभ्यासाने आणखी काही दाखवून दिले. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेची माहिती सुमारे 55 टक्के ज्येष्ठांनाच होती. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा 2007 चा कायदा जेमतेम 12 टक्के ज्येष्ठांना ठाऊक होता. आरोग्य विम्याचे संरक्षण सुमारे 18 टक्के ज्येष्ठांनाच होते. यांतील प्रत्येक आकड्याचे उत्तर निराळे आहे. योजनाच माहीत नसेल तर रक्कम वाढवण्याआधी ती घरोघर पोहोचवावी लागते. विमा नसेल तर तो द्यावा लागतो.

त्यानंतरच्या काळात काही पावले पडली आहेत. ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वार्षिक 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले. महाराष्ट्र शासनाने 2024 साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्ट वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी 3,000 रुपयांचे एकरकमी साहाय्य देण्याची तरतूद तीत आहे. या योजना स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांचा खरा परिणाम किती कार्डे वाटली यावरून समजणार नाही. श्रवणयंत्र मिळालेले आजोबा पुन्हा कट्ट्यावर जाऊन चार माणसांत बसू लागले का, हे पाहावे लागेल. त्याच व्यक्तींना काही वर्षांनी पुन्हा भेटणाऱ्या दीर्घकालीन अभ्यासाचे मोल यातच आहे.

मोजमापाला मर्यादाही आहेत. सरासरीच्या आकड्यात एकट्या राहणाऱ्या विधवेचे हाल झाकले जातात. पायाचे दुखणे मुलगा सांगू शकेल. मनाचे दुखणे आईच्या वतीने कोणी सांगू शकत नाही. येथे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो की, गर्दीच्या दिवशी आमच्याकडूनही वृद्ध रुग्णाऐवजी सोबतच्या नातेवाइकाकडे पाहूनच प्रश्न विचारले जातात. वेळ वाचतो, पण रुग्णाचे उत्तर हरवते. ही सवय मोडण्याचा आमचा निर्धार आहे.

म्हणून रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची नम्र विनंती आहे, की तपासणीच्या वेळी आजी-आजोबांना स्वतः बोलू द्यावे. आपल्याला सांगायचे ते त्यांच्यानंतर सांगावे. शासनाचा सर्वेक्षक दाराशी आला, तर ‘सगळे ठीक आहे’ असे सांगून त्याला परत पाठवू नये. घरातील ज्येष्ठांजवळ त्याला बसू द्यावे. त्यांच्या उत्तरांवरून उद्याच्या कित्येक ज्येष्ठांसाठीचा निर्णय होणार असतो.

विश्वस्त व देणगीदार यांच्यासाठी एवढेच सांगावेसे वाटते, की या कामाला महागडी यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित कार्यकर्तीचा वेळ, एक खुर्ची आणि उत्तर येईपर्यंत थांबण्याची तयारी. आपल्या देणगीतून जशी शस्त्रक्रिया होते, तसा हा वेळही मिळतो. यापुढे शस्त्रक्रियांच्या आकड्यांबरोबर ‘आजी, तुम्ही कशा आहात?’ या प्रश्नाची उत्तरेही आपल्यासमोर ठेवता यावीत, अशी आमची इच्छा आहे.