ठासणीची बंदूक वारशात मिळते, ती भरायला शिकवणार कोण?

खानापूरचा जंगलपट्टा असो, चंदगड असो की घाटाखालची सत्तरी, भात पोटरीला आलं की शेतातल्या माचावर राखण सुरू होते. रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत वर्षाची मेहनत लोळवून जातो. या भागातल्या काही जुन्या घरांत अजून ठासणीची बंदूक आहे, परवान्यासकट. आजोबांच्या नावची वडिलांकडे आली, आता मुलाच्या नावे करायचे कागद डीसी ऑफिसात फिरताहेत. कागद आज ना उद्या होतील. पण ती भरायची कशी, हे मुलाला कुणी दाखवलंय का?

ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू, त्यावर चिंधीचा, काथ्याचा किंवा कागदाचा बोळा, मग छर्रे किंवा गोळी, वर पुन्हा बोळा. प्रत्येक थर गजानं ठासायचा, म्हणून ती ठासणीची. मागे निपलवर तांब्याची छोटी टोपी बसते, तिला केप म्हणतात. चाप ओढला की घोडा केपवर पडतो आणि ठिणगी आतल्या दारूला लागते. केप येण्याआधी चकमकीची बंदूक होती, त्याच्याही आधी तोड्याची. तोडा म्हणजे धुमसत ठेवलेली वात. शिवकाळातल्या बंदुका बहुतेक तोड्याच्याच.

ऐकायला सोपं वाटतं. पण काडतुसाच्या बाबतीत जे काम कारखाना करतो ते इथे माणूस करतो, तेही रात्री, घाईत, बॅटरीच्या उजेडात. चूक तिथेच होते. एकानं भरून ठेवलेली बंदूक दुसऱ्यानं रिकामी समजून पुन्हा भरली, तर नळीत दुप्पट माल जातो. गोळी दारूवर पूर्ण न टेकता मधेच अडकली तर बार होताना नळी फुगते, कधी फाटते. तिसरी चूक सगळ्यात वाईट. ठासणीसाठी काळी दारूच लागते. हल्लीच्या काडतुसातली बिनधुराची दारू काढून भरली तर तिचा दाब या जुन्या नळीला सोसत नाही. बोटं जातात, डोळा जातो, प्रसंगी जीव जातो.

आणखी एक गोष्ट नवख्याला माहीत नसते. केप फुटली पण बार झाला नाही, म्हणजे बंदूक थंड झाली असं नाही. आतली दारू ओलसर असेल तर ती काही सेकंदांनी पेट घेऊ शकते. अशा वेळी नळी मोकळ्या जागेकडे धरून निदान मिनिटभर गप्प उभं राहायचं. काय झालं म्हणून नळीत डोकावायचं नाही. पुस्तकात ही एका ओळीची सूचना आहे. प्रत्यक्षात ते मिनिट फार लांब असतं, आणि शेजारी कुणी जाणता माणूस 'थांब' म्हणायला असेल तरच नवखा थांबतो.

हा शेजारी उभा राहणारा माणूस परदेशातल्या हौशी मंडळींनी सांभाळून ठेवलाय. अमेरिकेत ठासणीवाल्यांची राष्ट्रीय संघटना 1933 पासून आहे. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या छोट्या गावात त्यांचं मैदान आहे, तिथे स्पर्धा भरतात. युरोपातही असे क्लब आहेत आणि जागतिक स्पर्धाही होतात. तिथे अस्सल जुन्या बंदुका वेगळ्या आणि नव्यानं बनवलेल्या नकला वेगळ्या, असे गट असतात. एक गट जपानी तोड्याच्या बंदुकीच्या नावानं आहे, तानेगाशिमा. 1543 मध्ये पोर्तुगीजांनी ही बंदूक त्या नावाच्या जपानी बेटावर नेली, आणि तिचा मूळ नमुना गोव्याच्या शस्त्रशाळेतला असावा असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे धागा आपल्याच किनाऱ्यापर्यंत येतो.

त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे ते शिकवण्याच्या पद्धतीतलं. नवा माणूस आला की त्याला लगेच निशाण लावू देत नाहीत. आधी गजावर खूण करायला लावतात. रिकाम्या नळीत गज कुठपर्यंत जातो त्याची एक खूण, नीट भरल्यावर कुठे थांबतो त्याची दुसरी. मग भरलीय की रिकामी, हे गज आत टाकून कुणालाही सांगता येतं. दारू मोठ्या डब्यातून थेट नळीत ओतायची नाही. एका बाराची एक कुपी आधीच भरून ठेवायची, कारण आत एखादी ठिणगी शिल्लक असली तर कुपी पेटेल, डबा नाही. दारूजवळ विडी-सिगारेट नाही. केप सगळ्यात शेवटी, नळी निशाणाकडे वळवल्यावरच. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत.

बार झाल्यावरचं कामही शिकवतात, आणि आपल्या हवेत ते जास्त महत्त्वाचं. काळ्या दारूची जळकी राख ओल ओढून घेते. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात न धुतलेल्या नळीला एका रात्रीत गंज धरेल. साबणाचं गरम पाणी, कोरडी चिंधी, मग तेल, हे त्याच दिवशी व्हायला हवं. निवडणुकीत बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहतात. देताना ती रिकामी, धुतलेली आणि तेल लावलेली असू द्या. परत आल्यावर आधी तपासा, मग भरा.

आपल्याकडे ठासणीचा क्लब माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यातल्या त्यात जवळचं उदाहरण आपल्याच राज्यात कोडगूचं. तिथे सप्टेंबरात कैलपोळद सणाला बंदुकीची पूजा होते आणि नारळावर नेम धरायच्या स्पर्धा लागतात. थोरांसमोर पोरं शिकतात. कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूटही आहे, 2019 मध्ये ती 2029 पर्यंत वाढवली गेली. ती सूट आपल्याला लागू नाही.

आपल्याला लागू आहे तो 1959 चा शस्त्र कायदा. त्याच्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. 2016 च्या नियमांत शस्त्र सुरक्षिततेचं प्रशिक्षण आलं. ते फक्त कागदाला जोडायचं सर्टिफिकेट होऊ देऊ नका, शिकवणाऱ्याला ठासणीबद्दल मुद्दाम विचारा. दारू घरी बनवणं गुन्हा आहे, परवान्यावर असेल तेवढीच घ्यायची. आणि परवाना बंदुकीचा असतो, जनावर मारण्याचा नाही. त्याला वन खात्याची परवानगी वेगळी लागते.

वारसाच्या बाबतीत एक नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो. परवानाधारक वारल्यावरच बंदूक वारसाच्या नावे होते असं नाही. त्याचं वय 70 झालं किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असली, तरी तो हयातीत वारसासाठी अर्ज करू शकतो. शिकवणारा घरात असतानाच हे करून घ्या. आणि परवानाधारक वारलेच असतील, तर वारसाचा परवाना होईपर्यंत ती खुंटीवर ठेवू नका, विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्या.